मिरकरवाड्याचा गेदर, कोल्हापूरची भट्टी

पहिला दिवस : रिकाम्या डब्याची रात्र

पुण्याहून कोल्हापूरला जाणारा माणूस सहसा अंबाबाईच्या दर्शनाला, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी, नाहीतर चपला घ्यायला जातो. गेल्या डिसेंबरात मी निघालो होतो तो समुद्रातल्या माशाच्या मांसात अणुस्फोटांतून आणि अणुभट्ट्यांतून येणारे किरणोत्सारी सिझिअम सापडते का, हे मोजायला. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून विचारले, "पण कोल्हापुरात समुद्र कुठं आहे?" प्रश्न रास्त होता. समुद्र सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पण माझा वर्गमित्र कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्याच्या प्रयोगशाळेत सोडिअम आयोडाइडचा तीन इंची स्फटिक बसवलेला, शिशाच्या विटांनी वेढलेला गॅमा शोधक, म्हणजे गॅमा किरण मोजणारे यंत्र, आहे. मासा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या कोळ्यांकडचा, यंत्र मित्राकडचे आणि रिकामा वेळ माझा, अशी ही भागीदारी होती.

संध्याकाळी पोचलो तेव्हा मित्र एक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा धुऊन पुसत होता. उद्या मासा याच डब्यात भरणार का, असे मी विचारले. "मासा उद्या. आज काहीच भरायचं नाही, तेच मोजायचं आहे," असे म्हणून त्याने रिकामा डबा स्फटिकावर ठेवला, शिशाचे झाकण ओढले आणि संगणकावर मोजणी सुरू केली. भिंती, फरशी, हवा, आपले स्वतःचे शरीर, आकाशातून येणारे विश्वकिरण या सगळ्यांचा थोडा थोडा मारा यंत्रावर चालूच असतो, आणि तो आधी मोजून ठेवला नाही तर माशाच्या नावावर भिंतीचा हिशेब चढतो. कोल्हापूर त्या बाबतीत नशीबवान आहे, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनिअम, थोरिअम आणि पोटॅशिअम ही तिन्ही कमी असतात. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे याच खिडक्यांनी आम्हाला फसवले.

रात्री आम्ही गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार काढणारा खाली बसलेला आणि पेला हातात येतो तेव्हा त्यावर फेस तसाच. ज्यांना कच्चे दूध सोसत नाही त्यांनी मोह आवरावा, मला सोसते. पेला तोंडाला लावलेला असताना मित्र म्हणाला, "यातही किरणोत्सार आहे बरं का. पोटॅशिअम-४०. तुझ्या अंगातच सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटतायत, दुधाचं काय घेऊन बसलास." सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकेरेल म्हणतात. आमच्या सबंध सहलीचा हिशेब याच नाण्यात होणार होता.

दुसरा दिवस : मिरकरवाडा

पहाटे अडीचला निघालो. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा असा सरळ रस्ता आहे आणि पहाटे तो रिकामा असतो. फक्त डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या दिवे न लावता उभ्या असतात, तेव्हा गाडी हळू चालवावी. आंबा घाटात धुके होते. घाट उतरून साखरप्याजवळ चहाला थांबलो तेव्हा थंडी एकदम ओसरून हवा चिकट झाली होती. तो अर्ध्या तासातला ऋतुबदल मला दर वेळी नवा वाटतो.

चहा पिताना मित्राने ज्या बोटीपासून हा सगळा विषय सुरू झाला तिची गोष्ट सांगितली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा, सुमारे १५ मेगाटनांचा झाला. दूर अंतरावर दाइगो फुकुर्यू मारू नावाची जपानी बोट ट्यूना धरत होती. तिच्या डेकवर काही तासांनी पांढरी राख पडू लागली. ती स्फोटात भाजून निघालेल्या प्रवाळाची होती. तेवीस खलाशी आजारी पडले आणि त्यांच्यातले रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले. बोट यायझू बंदराला लागल्यावर मासा बाजारात गेला होता. मग जपानच्या बंदरांवर गायगर यंत्र घेऊन माणसे उभी राहू लागली, ढिगावर यंत्र फिरवायचे आणि काटा फार वर गेला तर मासा पुरायचा किंवा समुद्रात टाकायचा, असे महिनोन्महिने चालले. यातली मला चटका लावून गेलेली गोष्ट वेगळीच होती. ज्या माशात काही सापडले नाही, त्याचाही भाव कोसळला.

सहाच्या सुमारास मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पोचलो. ज्यांना लिलाव पाहायचा आहे त्यांनी उजाडायच्या आत पोचावे आणि पायात रबरी बूट घालावेत. मी चपला घातल्या होत्या, त्यांची पुढची हकीकत सांगण्यासारखी नाही. होड्या लागत होत्या, बर्फ फोडण्याचा आवाज, टोपल्यांची फेकाफेक, डिझेलचा वास आणि या सगळ्यावर लिलाव पुकारणाऱ्याचा एका सुरातला आवाज. बांगडा ढिगांनी होता. सुरमई वेगळ्या रांगेत, शेपट्या एका बाजूला करून मांडलेली. आम्हाला हवा होता गेदर, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मिळणारा ट्यूनाच्या कुळातला मासा. जो मासा दूरवर पोहतो आणि इतर मासे खातो, त्याच्या अंगात समुद्राचा हिशेब जास्त साठलेला असतो.

पण लिलावात दोन मासे मिळत नाहीत, टोपली घ्यावी लागते. मित्राने टोपलीचा भाव विचारला आणि आमचे चेहरे बघून लिलाववाला पुढच्या टोपलीकडे वळला. शेवटी बाजूला बसून किरकोळ विकणाऱ्या एका मावशींकडे गेलो. त्यांनी गेदराचा कल्ला उचलून लाल रंग दाखवला, बोटाने मांस दाबून ते परत वर येते हे दाखवले आणि विचारले, "कापून देऊ?" मित्र घाईने म्हणाला, "नको नको, अख्खाच द्या, आतडी-काळजासकट." मावशींचा हात थांबला. अख्खा मासा मागणारे गिऱ्हाईक त्यांना नवीन नव्हते. आतडी मागणारे नवीन होते.

मग खरे सांगावे लागले. मित्राने शिक्षकी पेशाला शोभेल इतक्या सावकाशीने सांगितले की, सिझिअम हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशिअमचे भावंड आहे, म्हणून ते माशाच्या मांसात जाते. स्ट्रॉन्शिअम कॅल्शिअमच्या वाटेने हाडात बसते. आणि पोलोनिअम, जे कुठल्याही बॉम्बशिवाय निसर्गातच असते, ते काळीज आणि आतड्यांत जास्त सापडते. म्हणून भाग वेगळे करून मोजायचे. आमच्या यंत्राला यातले फक्त मांसातले सिझिअम नीट दिसेल, पण काळीज आणि हाडे सुकवून जपून ठेवू. शेजारी जाळे सांधत बसलेले एक वयस्क काका ऐकत होते. त्यांनी विचारले, "त्या जपानचं पाणी इकडं येतं काय?"

त्याचे उत्तर मित्राने पाण्याने न देता माशाने दिले, आणि ते मला आवडले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतून सिझिअम समुद्रात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सॅन दिएगोजवळ पकडलेल्या पंधरा ब्लूफिन ट्यूनांच्या मांसात ते सापडले. ही ट्यूना जपानच्या बाजूला जन्मते आणि लहान वयात सबंध प्रशांत महासागर पोहून ओलांडते. म्हणजे पाणी पोचण्याच्या आधी मासाच ते घेऊन आला. आकडे फार लहान होते: सुक्या मांसाच्या किलोमागे सिझिअम-१३७ साधारण ६ बेकेरेल आणि सिझिअम-१३४ (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) साधारण ४. त्याच मांसातले नैसर्गिक पोटॅशिअम-४० मात्र साडेतीनशेच्या आसपास होते. "आणि आमचा गेदर?" काकांनी विचारले. "तुमचा गेदर प्रशांत महासागरात जात नाही," मित्र म्हणाला. काका समाधानाने हसले, जणू गेदराच्या वतीने त्यांनाच कुणी प्रमाणपत्र दिले होते.

मावशी हसल्या नाहीत. मासे तोलताना त्या म्हणाल्या, "भाऊ, मोजा खुशाल. पण काय निघालं तर तुम्ही कागदावर लिहिणार, आणि ते वाचून आमचा मासा कोण घेणार?" साखरप्याच्या चहावर ऐकलेली १९५४ सालची गोष्ट चार तासांत माझ्यासमोर येऊन बसली होती. मित्रही गप्प झाला. मग त्याने त्यांचा फोन नंबर मागून घेतला आणि सांगितले, "जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन." या किनाऱ्यावर जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पाची चर्चा अनेक वर्षे चालू आहे, त्यामुळे असा प्रश्न इथे कुणी हवेतून काढत नाही. मला स्वतःला वाटते की प्रकल्प होवो वा न होवो, आज माशात किती आहे हे आज मोजून ठेवण्यात सर्वांचाच फायदा आहे, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतर भांडायलाही काही हातात उरत नाही.

दोन गेदर आणि दोन किलो बांगडे बर्फात भरले. वरचे चार बांगडे मावशींनी ओळखीच्या खानावळीत भाजून घ्यायला सांगितले. तिरफळे घातलेले तिखले आणि तांदळाची भाकरी खाताना मित्राने मोजणीतले आणि पोटातले बांगडे यांची वेगळी नोंद ठेवली, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले. (मासे घाट चढवून न्यायचे असतील तर बर्फ दुप्पट घ्यावा आणि खोक्याच्या तळाला पाणी निघायला वाट ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती. परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे दीड तास अडकलो आणि गाडीत जे पाणी सांडले त्याचा वास अजून गेलेला नाही.)

तिसरा दिवस : वास

सकाळी प्रयोगशाळेतल्या ओट्यावर कापाकापी झाली. गेदराचे मांस गडद लाल, जवळजवळ मटणासारखे दिसते. प्रयोगशाळेतले मामा, जे जन्माने आणि निष्ठेने मटणवाले आहेत, ते दारातूनच बघत म्हणाले, "सर, ह्याचा रस्सा झाला असता की." दोन किलो निव्वळ मांस निघाले. त्याचे तुकडे ताटल्यांत पसरून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत सुकवायचे, म्हणजे माशातले पाणी गेले असे धरायचे.

दुपारी बारापर्यंत वास पहिल्या मजल्यावर पोचला. एकपर्यंत तो कार्यालयात पोचला. दोन वाजता रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक येऊन म्हणाले की, आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइड करतात तेव्हासुद्धा असे होत नाही. तेव्हा मित्राने प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, दाराच्या फटीला ओले फडके लावले आणि पंखा बंद केला. सगळ्यांना बरे वाटले.

चौथा दिवस : राख

सुकलेले मांस भट्टीत ठेवून हळूहळू तापमान वाढवायचे असते आणि ४५० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, कारण त्याच्या पलीकडे सिझिअमच वाफ होऊन निघून जाऊ लागते आणि मग जे शोधतो आहोत तेच धुराड्यातून जाते. यात बघण्यासारखे काहीच नसल्यामुळे मी वहिनी आणि मुलांबरोबर शहराबाहेरच्या गुऱ्हाळावर गेलो. हंगाम होता. काहिलीतला रस पिवळा होत होत दाट होतो, वर मळी येते, ती काढत राहावी लागते, आणि गुळव्या कुठल्याही तापमापकाशिवाय उलथण्यावरून ओघळणारी तार पाहून "उतरवा" म्हणतो. गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर खावा. ताजा रस पिऊन झाल्यावर लगेच गाडीत बसू नये.

रात्री परतलो तेव्हा दोन किलो मासा पंचवीसेक ग्रॅम करड्या राखेत उतरला होता. तळहातावर मावेल एवढी ती राख मित्राने डब्यात भरून, डबा हलक्या हाताने आपटून सपाट केली. ढीग उंच झाला तर किरणांचा रस्ता बदलतो आणि आकडा चुकतो. मोजणी सुरू केली, खिडक्या वासासाठी अजून बंदच होत्या, आणि आम्ही घरी जाऊन झोपलो.

पाचवा दिवस : ६०५ की ६०९

सकाळी संगणकाच्या पडद्यावर एक डोंगररांग उभी होती: आडव्या रेघेवर गॅमा किरणांची ऊर्जा, उभ्या रेघेवर त्यांची संख्या. उजवीकडे १४६० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टवर सरळ, ठसठशीत सुळका होता: पोटॅशिअम-४०. माशाच्या मांसात तो असणारच. सिझिअम-१३७ असते तर ६६२ वर टेकडी दिसली असती. तिथे सपाट होते. पण त्याच्या जरा डावीकडे, ६०० च्या पुढे, एक स्पष्ट उंचवटा होता, जो रिकाम्या डब्याच्या रात्री इतका नव्हता. मी तीन दिवसांत जे शिकलो होतो ते सगळे एकदम आठवले. सिझिअम-१३४ ची खूण ६०५ वर असते. १३७ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, ३० वर्षांचा आहे, त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बॉम्बचाचण्यांचे १३७ अजून समुद्रात आहे. १३४ चा अर्धायुकाल जेमतेम दोन वर्षांचा, म्हणून ते सापडले तर ते जुन्या चाचण्यांचे नव्हे, अलीकडच्या अणुभट्टीचे. सॅन दिएगोच्या ट्यूनांवर फुकुशिमाचा शिक्का मारता आला तो याचमुळे. मी जवळजवळ ओरडलोच.

मित्र खुर्चीवर बसला, चहा मागवला आणि म्हणाला, "दोन वर्षांनी निम्मं, चार वर्षांनी पाव. फुकुशिमाला किती वर्षं झाली? त्यातलं आता शेकडा एक-दोन भागसुद्धा उरलेलं नाही. आणि १३४ आलं आणि १३७ आलंच नाही, हे कसं?" मग त्याने पडद्यावर बोट ठेवले. सिझिअम-१३४ असते तर ७९६ वरही टेकडी हवी होती, नव्हती. उलट ३५२ वर आणि १७६४ वर लहान लहान उंचवटे होते, जे सिझिअमचे असूच शकत नाहीत. त्या दोन्हींचा मालक एकच होता: रेडॉन. जमिनीतून आणि भिंतीतून हा किरणोत्सारी वायू कायम झिरपतो आणि बंद खोलीत साचतो. त्याच्यापासून शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात. बिस्मथ-२१४ ची मुख्य खूण ६०९ वर असते. आमच्या यंत्राला ६०५ आणि ६०९ हा फरक दिसत नाही. जर्मेनिअमच्या शोधकाला दिसला असता, पण त्याची किंमत काही आमच्या आवाक्यातली नाही.

माशाचा वास लपवायला लावलेल्या खिडक्यांनी दोन दिवस रेडॉन कोंडून ठेवला होता, आणि मी तो माशाच्या अंगाला चिकटवून मोकळा झालो होतो. हे वर्तमानपत्रात गेले असते तर, या विचाराने माझ्या हातातला चहा थंड झाला. मामांनी खिडक्या उघडल्या. रसायनशास्त्रवाल्यांची माफी आगाऊच मागण्यात आली.

दिवसभर हवा खेळू दिली आणि तेवढ्यात आम्ही पन्हाळ्यावर जाऊन आलो. तिथली झुणका-भाकरी आणि तबक उद्यानापलीकडून दिसणारी दरी, दोन्ही चांगली. संध्याकाळी पुन्हा तोच डबा, तीच राख, पंखा चालू, खिडक्या उघड्या. सबंध रात्र.

सहावा दिवस : फोन

६०९ चा उंचवटा रिकाम्या डब्याइतका खाली आला होता. १४६० चा सुळका होता तसाच होता. मित्राने त्याच्या जोडीला पोटॅशिअम क्लोराइडची पांढरी पूड तितक्याच वजनाने, तशाच डब्यात भरून मोजली. त्या क्षाराच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १६ बेकेरेल असतात हे ठरलेले आहे, त्यामुळे तीच आमची तराजूतली वजने झाली. ६६२ वर कोणतीही टेकडी नव्हती. पण मित्राने वहीत "शून्य" लिहिले नाही. त्याने रिकाम्या डब्याच्या मोजणीतली चढउतार घेऊन गणित केले आणि लिहिले: सिझिअम-१३७, ओल्या मांसाच्या किलोमागे १ बेकेरेलपेक्षा कमी. जपानमध्ये एप्रिल २०१२ पासून विक्रीच्या माशासाठी किलोमागे १०० बेकेरेलची मर्यादा आहे. फुकुशिमाच्या बंदरातच २०२३ मध्ये पकडलेल्या एका काळ्या रॉकफिशमध्ये किलोमागे १८,००० बेकेरेल सापडले होते, तेही खरे. तो मासा तळाशी राहणारा आणि अणुभट्टीच्या अंगणातलाच होता.

"शून्य का नाही लिहिलंस?" मी विचारले. "कारण आम्हाला दिसलं नाही, एवढंच आम्हाला माहीत आहे. त्याच्या खाली काय आहे ते जर्मेनिअमवाल्याला विचार."

निघण्यापूर्वी त्याने दिलेला शब्द पाळून मावशींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एक बेकेरेल, शंभर बेकेरेल, बंद खिडक्या, सगळे त्याने सांगितले. पलीकडे होड्यांचा आवाज येत होता. मावशी शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "म्हणजे नाही."

"सापडलं नाही," मित्र म्हणाला.

"तेच की हो," मावशी म्हणाल्या. "आणि ती आतडी काय केलीत?"

आतडी आणि काळीज सुकवून बाटल्यांत ठेवले आहे, त्यातले पोलोनिअम मोजायला वेगळे यंत्र लागते, ते मिळाले की मोजू, असे त्याने सांगितले. मावशींनी जानेवारीत सुरमई चांगली येते, तेव्हा या, आणि या वेळी खोका भोक असलेला आणा, असे बजावून फोन ठेवला. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दिवसांत कुणी धक्क्यावर जाऊ नये; आम्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याची तिकिटे काढली आहेत.